तीन कमी

मोठ्या मावशींना पाळणाघरात लागून एकोणीस वर्षं झाली होती, आणि त्यातली निदान अठरा त्यांनी दुसऱ्यांना शिकवण्यात घालवली होती. शिकवायचा त्यांना हक्कही होता म्हणा. दुधाची बाटली नुसती हातात धरून त्या गरम आहे की कोमट ते सांगायच्या. भिंतीपलीकडचं रडणं ऐकून पोराला भूक लागलीय की झोप आलीय हे ओळखायच्या. खेळण्याचा एखादा स्क्रू सैल झाला, तर तो कोणाच्या तोंडात जायच्या आधी मावशींच्या मुठीत जायचा. फक्त हे सगळं त्या गुपचूप करत नसत. आधी जी कोणी जवळ असेल तिला "डोळे काय शोभेला दिलेत का गं?" असं विचारायचं आणि मग पुढे व्हायचं, ही त्यांची रीत.

पाळणाघर तीन खोल्यांचं. बोळाच्या शेवटी तान्ह्यांची खोली, ती मावशींची. मधली दुडदुडणाऱ्यांची, म्हणजे ज्यांना चालता येतं पण कुठे चालायचं ते कळत नाही अशांची. आणि बाहेरच्या दाराजवळची मोठ्यांची, मोठी म्हणजे चार वर्षांची. त्या दिवशी तान्ही तीन, दुडदुडणारी आठ आणि मोठी सहा, अशी सतरा मुलं हजर होती. तो आकडा आणि कोणत्या खोलीवर कोण ते मावशींनीच सकाळी दारामागच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, कारण परवान्यावर 'सुरक्षा प्रमुख' म्हणून नाव त्यांचं होतं. त्यासाठी त्यांनी पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं, परीक्षा दिली होती, आणि त्याचं प्रमाणपत्र कचेरीत काचेच्या चौकटीत लावलं होतं. पालक चौकशीला आले की संचालिकाबाई त्यांना आधी त्या चौकटीसमोर उभं करायच्या आणि मग खोल्या दाखवायच्या.

मधल्या खोलीतल्या आठांत एक मावशींची नात होती. लेकीची लेक, दोन वर्षांची, जागेवर ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. लेक नोकरीला लागली तेव्हा भिंगरीला इथे ठेवायला मावशी वर्षभर तयार नव्हत्या. "पाळणाघरात माझं-तुझं चालत नाही," त्या म्हणायच्या. "एकदा स्वतःचं पोर आणलं की नजर तिकडे वळते. मी वळू देणार नाही, पण लोक बोलतील." शेवटी लेक रडकुंडीला आली तेव्हा त्यांनी अट घातली, की भिंगरी मधल्या खोलीत राहील आणि मावशी तिला दिवसभर हातसुद्धा लावणार नाहीत. अट त्यांनी पाळली. मधल्या खोलीवरून जाताना त्या मान वळवत नसत. भिंगरी दारात उभी राहून "आजी, आजी" करायची आणि मावशी दुपट्यांचा गठ्ठा घेऊन पुढे निघून जायच्या. बाकीच्या जणींना त्याचं मोठं कौतुक होतं. मावशींना त्या कौतुकाचं आणखी कौतुक होतं.

मधल्या खोलीवर नवी होती. ती चाळिशीची बाई, आधी कारखान्यात गणवेश शिवायची. सहा महिन्यांच्या बोलीवर तिला घेतलं होतं आणि त्यातले दोन झाले होते. नाव सगळ्यांना माहीत होतं, पण 'नवी' हेच चिकटलं. मावशींनी तिला दोन महिने नुसतं फैलावर घेतलं होतं. ओढणी पोरांच्या हाती लागू नये म्हणून मारायची गाठ तिला जमत नाही, ती बसताना दाराकडे पाठ करते, ती मुलांना मोजताना ओठ हलवते. नवी सगळं ऐकून घ्यायची आणि ओठ हलवत मोजायची.

परवान्याची मुदत संपत आली होती, म्हणून सकाळी साडेदहाला तपासनीस बाई आल्या. वयानं तरुण, किडकिडीत, खांद्याला जड पिशवी. पाणी विचारलं तर नको म्हणाल्या. जिथे तपासणी तिथे पाण्याचा घोटही घ्यायचा नाही असा त्यांचा नियम होता. त्यांनी पाळण्याच्या कठड्याच्या दोन गजांमध्ये लाकडी ठोकळा घालून पाहिला, तो पलीकडे गेला नाही. गरम पाण्याच्या नळाखाली तापमापक धरला. औषधांच्या कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं, विजेच्या प्लगांवरची झाकणं नखानं उचकटून पाहिली, खिडक्यांच्या जाळ्यांना धक्के दिले. मावशी त्यांच्याबरोबर फिरत होत्या आणि विचारायच्या आधी उत्तरं देत होत्या. तासाभरात तपासनीस बाईंच्या कागदावर सगळ्या रकान्यांत 'योग्य' पडलं.

"तुमच्यासारखं एकेक माणूस प्रत्येक ठिकाणी असतं ना, तर माझं काम अर्धं झालं असतं," त्या म्हणाल्या.

"आमचं आपलं जुन्या वळणाचं," मावशी म्हणाल्या. तोंडानं नको नको, पण चेहरा असा फुलला होता की लपेना.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या घरात कोणालाच चुकीची वाटत नव्हती. आग लागली तर मुलांना बाहेर कसं काढायचं याचा सराव दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अकरा वाजता व्हायचा. दुडदुडणाऱ्यांसाठी एक जाड दोरी होती, तिला कड्या लावलेल्या होत्या. प्रत्येकानं एक कडी धरायची आणि फाटकापर्यंत सोडायची नाही. ही दोरी मावशींची कल्पना. "आकाश कोसळलं तरी कडी सोडायची नाही" हे त्यांनी पोरांकडून गाण्यासारखं म्हणवून घेतलं होतं. तान्ह्यांसाठी चाकांचा मोठा पाळणा होता. पण घंटेच्या आवाजानं तान्ही दचकतात, म्हणून मावशी अकराला पाच कमी असतानाच त्यांना टोपरी घालून चाकांच्या पाळण्यात ठेवायच्या, पाळणा दारापर्यंत आणून उभा करायच्या आणि मग घंटा दाबायला सांगायच्या. एक मिनिट वीस सेकंदांत सगळे फाटकाशी. तो आकडा फळ्यावर लाल खडूनं लिहून ठेवला होता. तान्ह्यांना पाळण्यातून उचलून बाहेर काढायचा सराव मात्र तीन वर्षांत एकदाही झाला नव्हता. तो काय करायचा, असं सगळ्यांना वाटायचं.

तपासनीस बाई शेवटी स्वयंपाकघरात गेल्या. फ्रिज किती थंड आहे ते बघायचं होतं. स्वयंपाकीण त्यांच्या मागे मागे करत राहिली आणि शेगडीवरचं दूध उतू जाऊन करपलं. त्याचा वास बोळभर पसरला. मावशी तेव्हा आपल्या खोलीत येऊन दुपट्यांच्या घड्या घालायला बसल्या होत्या. वास त्यांच्या नाकाशी आला, त्या "आता हिचं काय जळलं" असं पुटपुटल्या, आणि तेवढ्यात घंटा वाजायला लागली.

त्या वर्षापासून नियम बदलला होता. सराव न सांगता घ्यायचा आणि घंटा तपासनिसानं स्वतः दाबायची.

मावशी उठल्या. खोलीत तीन पाळणे होते. एकात ढेकरू, तो दूध प्यायला की म्हाताऱ्यासारखा ढेकर द्यायचा. दुसऱ्यात न्यायाधीश, तो कपाळाला आठ्या घालूनच जन्मला होता. तिसऱ्यात टकली, आठ महिन्यांची झाली तरी तिच्या डोक्यावर केस धरत नव्हते. तिघांची नावं मावशींनीच पाडली होती. चाकांचा पाळणा भिंतीला लावलेला होता, मावशींच्या हातापासून दोन पावलांवर.

त्या खोलीबाहेर पडल्या आणि धावल्या. साठीच्या बाईला धावता येईल तेवढ्या जोरात त्या मधल्या खोलीत शिरल्या. नवीनं पोरांना दोरीला लावलं होतं, आठही जणांच्या मुठी कड्यांवर होत्या आणि ओठ हलवत ती मोजत होती. मावशींनी भिंगरीला काखेत धरून उचललं. भिंगरी कडी सोडेना. तिला शिकवलंच होतं तसं. मावशींनी तिची बोटं एकेक करून उकलली, ती किंचाळली, आणि मावशी तिला छातीशी धरून बोळातून, बाहेरच्या दारातून, पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेल्या. सगळ्यात आधी बाहेर आलेलं माणूस त्याच होत्या.

मग मोठ्यांच्या खोलीतली सहा मुलं आपल्या ताईबरोबर आली. मग दोरी आली, सात मुलं आणि एक रिकामी कडी. मागून स्वयंपाकीण आणि संचालिकाबाई आल्या, आणि हातात घड्याळ घेऊन तपासनीस बाई. "खरी आग नाही, सराव आहे," त्या म्हणाल्या. "मोजा."

संचालिकाबाईंनी मोजलं. "चौदा," त्या म्हणाल्या. पुन्हा मोजलं. "चौदाच. तीन कमी आहेत."

"तीन कमी?" मावशी कडाडल्या. "कोणाची तीन? किती वेळा सांगितलं, पोरं मोजल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही म्हणून! कोणाची तीन राहिली?"

एकोणीस वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघून गेलं. मोठ्यांच्या ताईनं मावशींच्या कडेवरच्या भिंगरीकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. स्वयंपाकीण आपल्या पायांकडे बघू लागली. नवीनं मात्र सरळ मावशींकडे पाहिलं, दोरीचं टोक स्वयंपाकिणीच्या हातात दिलं आणि घंटा वाजत असतानाच ती घरात धावत गेली.

तेव्हा कुठे मावशींना कळलं. मला सुचलं नाही, मी गडबडले, असं त्यांना स्वतःला सांगता आलं असतं, माणसं सांगतात. पण मावशींना आपलं मन आरपार दिसत होतं. गडबड काहीच नव्हती. ती तिघं डोळ्यांसमोर येऊनही त्यांनी भिंगरीला निवडलं असतं तरी गोष्ट वेगळी होती. त्यांना ती आठवलीच नव्हती. खोलीत दुपटी होती, पाळणे होते, दार होतं, आणि पलीकडे भिंगरी होती. बाकी काही नव्हतंच.

नवी चाकांचा पाळणा ढकलत आली. ढेकरू आणि न्यायाधीश रडून लाल झाले होते. तपासनीस बाईंनी घड्याळ बंद केलं. चार मिनिटं अकरा सेकंद.

कचेरीत तपासनीस बाई खुर्चीवर बसल्या, संचालिकाबाई टेबलामागे, आणि मावशी प्रमाणपत्राच्या चौकटीखाली उभ्या. भिंगरी अजून त्यांच्या कडेवरच होती. उतरवायचं त्यांना सुचत नव्हतं.

"घंटा वाजली तेव्हा तान्ह्यांच्या खोलीत कोण होतं?" तपासनीस बाईंनी विचारलं.

संचालिकाबाई वाईट नव्हत्या. त्यांनी हे पाळणाघर दोन खोल्यांचं तीन खोल्यांचं केलं होतं आणि नियम त्यांना तोंडपाठ होते. मुलं सुरक्षा प्रमुखाकडून मागे राहिली, तर तान्ह्यांची खोली त्याच दिवशी बंद, आणि नवा प्रमुख तयार होईपर्यंत बंदच. मुलं एखाद्या नवशिक्या बाईकडून राहिली, तर तिला मुलांजवळून काढायचं, पुन्हा प्रशिक्षणाला पाठवायचं, आणि खोली चालू. हा हिशेब करायला त्यांना क्षणभरही लागला नाही.

"आमच्याकडे एक नवीन बाई आहेत," त्या म्हणाल्या. "दोनच महिने झालेत. त्या वेळी मधल्या खोलीबरोबर ती खोलीही त्यांच्याकडेच होती."

"फळ्यावर मावशींचं नाव आहे."

"मावशी प्रमुख आहेत ना, त्यांना तिन्ही खोल्यांत फिरावं लागतं. आज तर तुमच्याबरोबरच होत्या." संचालिकाबाईंनी मान वळवली. "हो ना, मावशी?"

मावशींनी भिंगरीच्या पायातून निसटलेला मोजा वर ओढला. दोनदा ओढला.

"हो," त्या म्हणाल्या.

एवढाच शब्द. दुसऱ्याच कोणाचा तरी असावा तसा तो त्यांना ऐकू आला.

नवीला आत बोलावलं. ती हात पुसत आली. तपासनीस बाईंनी विचारलं, "तान्ह्यांची खोली तुमच्याकडे होती का?"

नवीनं मावशींकडे पाहिलं. ती नजर मावशींना कळत होती. त्यात राग नव्हता. वर्गात एखाद्याला उत्तर येतं हे माहीत असलं की आपण त्याच्याकडे बघतो, तशी ती बघत होती. मावशी मोज्याकडे बघत राहिल्या.

"तीन मुलं आत राहिली होती," नवी शेवटी म्हणाली.

"ते मी पाहिलं. आणि तुम्ही परत आत का गेलात? एकदा बाहेर पडलं की आत जायचं नसतं. खरी आग असती तर चौघं गेली असती."

"पोरं आत होती म्हणून गेले."

तपासनीस बाईंनी मान हलवली आणि लिहिलं. एक चूक, मुलं मागे ठेवली. दुसरी चूक, नियम मोडून आत गेली. मग कागद फिरवून टेबलाच्या कडेला सरकवला. खाली छापलेलं होतं, 'वरील मजकूर खरा आहे', आणि त्याखाली सुरक्षा प्रमुखाची सही. मावशींनी भिंगरीला खाली ठेवलं, पेन घेतलं आणि सही केली. सही करताना त्यांचा हात थरथरला नाही, आणि नंतर दुपारभर त्यांना त्याचीच लाज वाटत राहिली.

खोली चालू राहिली. मावशींनी दूध कोमट केलं, ढेकरूला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं. त्यानं ढेकर दिला आणि त्यांच्या मानेत तोंड खुपसलं. रोज तो हेच करायचा आणि रोज मावशी त्याला लब्बाड म्हणायच्या. आज नाही म्हणाल्या. त्याला काही माहीत नव्हतं, हीच पंचाईत होती. मोठ्या माणसानं तोंड फिरवलं असतं, चार शब्द सुनावले असते, तर सोसता आलं असतं. हा पठ्ठ्या खुशाल त्यांच्या अंगावर रेलून झोपला. मावशींना त्याला खाली ठेवावंसं वाटलं, म्हणजे त्याला दुसऱ्या कोणाकडे तरी द्यावंसं वाटलं, जी त्याला घेण्याच्या लायकीची असेल तिच्याकडे.

मधल्या खोलीवर आता स्वयंपाकीण बसली होती. संचालिकाबाईंनी नवीला कचेरीत नेऊन गोड आवाजात समजावलं होतं, की उद्यापासून काही दिवस यायचं नाही, प्रशिक्षणाचं कळवू, वाईट वाटून घ्यायचं नाही. तिघा तान्ह्यांच्या आयांनाही त्यांनी फोन करून सांगितलं होतं, कारण त्याच दिवशी कळवायचं असा नियम होता आणि नियम त्या पाळायच्या. बोळात दोघी-तिघी कुजबुजत होत्या आणि मावशी आल्या की गप्प होत होत्या. खरं काय ते सगळ्यांना माहीत होतं. तरी कोणी बोललं नाही. मावशींचा दरारा होता ना. तो मिळवायला त्यांना एकोणीस वर्षं लागली होती.

पाचच्या सुमाराला नवी चपलांच्या मांडणीशी बसली होती. डबा पिशवीत भरला होता, पट्टा लावत होती. मावशी टकलीला घेऊन दारात आल्या. ढेकरू आणि न्यायाधीश घरी गेले होते. त्यांच्या वडिलांनी काही विचारलं नव्हतं, नुसतं "मावशी, येतो" म्हणून नमस्कार केला होता.

"का बोलली नाहीस गं?" मावशींनी विचारलं. आवाज दटावणीचाच आला, दुसरा त्यांच्याकडे नव्हता.

नवीनं वर पाहिलं नाही. "मला वाटलं, तुम्ही बोलाल."

"आणि मी नाही बोलले, तेव्हा?"

"तेव्हा तुम्ही सही करत होतात."

मावशींना थोबाडीत बसल्यासारखं झालं. काहीतरी म्हणायला हवं होतं, माफ कर म्हणायला हवं होतं, पण तो शब्द या घरात त्यांनी आजवर दुसऱ्यांच्या तोंडूनच ऐकला होता.

तेवढ्यात फाटक आपटलं आणि टकलीची आई आली. ती शहरबस चालवायची. रोज सगळ्यात शेवटी यायची, आज गणवेशातच, फेरी दुसऱ्याच्या गळ्यात मारून धावत आली होती. तिनं चपला घालणाऱ्या नवीला पाहिलं.

"तुम्हीच ना त्या नवीन?"

"हो," नवी म्हणाली.

"माझी पोर आत टाकून बाहेर पळालात? लाज नाही वाटली? स्वतःचं असतं तर टाकलं असतं का?" तिचा आवाज चिरकला. "बस पेटली तर मी शेवटचा माणूस उतरल्याशिवाय उतरत नाही. आम्हाला तसंच शिकवलंय. तुम्हाला आठ महिन्यांचं लेकरू दिसलं नाही?"

नवीनं मान खाली घातली.

मग ती आई मावशींकडे वळली आणि तिचा चेहरा एकदम सैल पडला. "मावशी, तुम्ही आहात म्हणून. खरं सांगते, तुमच्या जिवावर मी स्टिअरिंगला हात लावते. तुम्ही नसता तर मी उद्यापासून हिला आणलं नसतं."

टकली मावशींच्या कडेवर बसून आईच्या खिशावरचा बिल्ला पकडायला बघत होती. मावशींना वाटलं, आता नुसतं हं म्हणायचं. पोर द्यायची, काळजी घे म्हणायचं, आणि दार लावायचं. उद्या सगळं जिथल्या तिथे. चौकट भिंतीवर, नाव फळ्यावर, आणि ही बाई उद्या सकाळी पुन्हा त्यांच्या जिवावर बस चालवायला जाईल. त्या 'हं'नं नवीचं काय होईल हेही त्यांना दिसत होतं. शिलाईच्या यंत्रावर परत बसलेली ती त्यांना स्पष्ट दिसली.

"हिनं नाही टाकली," मावशी म्हणाल्या.

"काय?"

"तान्ह्यांवर मी होते. घंटा वाजली आणि मी तिघांना तसंच ठेवून माझी नात घेऊन पळाले. मधल्या खोलीतून, हिच्या दोरीवरून ओढून घेऊन पळाले. ही परत आत गेली आणि हिनं तुझी पोर बाहेर आणली. मग हिच्यावर आळ घेतला, आणि मी त्याखाली सही केली." सगळं एका दमात बोलून झालं. त्या थांबल्या. "लाज मला वाटायला हवी. वाटतेय."

कचेरीचं दार उघडलं. संचालिकाबाई धावतच आल्या. "मावशी, तुम्ही दमलाय. आत चला बघू, बसा जरा. ताई, त्यांना आज जरा..."

"बाई, मी दमले नाही," मावशी म्हणाल्या. "उद्या सकाळी मी त्या तपासनीस मॅडमच्या कचेरीत जाऊन हेच सांगणार आहे. ती खोली बंद होते तर होऊ दे. भिंतीवरचा कागद काढून ठेवा."

टकलीची आई संचालिकाबाईंकडे बघतही नव्हती. तिनं दोन्ही हात पुढे केले. मावशींनी पोर दिली. आईनं तिथेच, चपलांच्या मांडणीवर टेकून, तिला मांडीवर घेतलं. पाय पाहिले, तळवे पाहिले, झबलं वर करून पाठ पाहिली, त्या टकल्या डोक्यावरून हात फिरवला. रस्त्यावर हरवलेलं पोर परक्या माणसाकडून परत मिळावं तशी ती बघत होती. मावशींना ती ओरडेल असं वाटलं होतं, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ही तेव्हा झोपली होती का?" तिनं विचारलं.

तिघांत कोण कधी झोपलं, किती वेळ झोपलं, कोणत्या कुशीवर झोपलं, हे मावशी रोज संध्याकाळी आयांना न विचारता सांगायच्या. वही बघावी लागत नसे.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी बघितलं नाही."

आईनं नवीकडे पाहिलं.

"जागी होती," नवी हळूच म्हणाली. "बाकीची दोघं रडत होती. ही रडत नव्हती. कठड्याला धरून बसली होती. मला बघून हसली, मी उचलली तर मुकाट आली. पण माझ्या खांद्यावरून सारखी मागे बघत होती, दाराकडे."

"दाराकडे कशाला?"

"अजून कोणी येतंय का, ते बघत होती."

कोण, ते टकलीच्या आईनं विचारलं नाही.